स्वस्त पिस्तुलाची किंमत : पहिल्या महायुद्धातील फ्रान्सची ‘रुबी’ खरेदी (1915-1918)

प्रस्तावना

शस्त्रांच्या इतिहासावरील लेखनात शोधाला जेवढे महत्त्व मिळते तेवढे खरेदीला मिळत नाही. तोफेचा पल्ला किती, बंदुकीची रचना कशी, तिचा जनक कोण, ही माहिती सहज सापडते. ते शस्त्र कोणत्या अटींवर, किती घाईत आणि कोणाकडून विकत घेतले गेले, हा भाग मात्र बहुधा तळटीपेत ढकलला जातो. वास्तविक सैनिकाच्या हाती प्रत्यक्ष कोणते हत्यार पडते हे संशोधकापेक्षा खरेदी-अधिकारीच अधिक ठरवितो. पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा आणि गरज मोठी अशा स्थितीत किंमत व गुणवत्ता यांपैकी कशास झुकते माप द्यावे, हा त्याच्यापुढील नित्याचा पेच होय.

1915 ते 1918 या काळात फ्रान्सने स्पेनच्या बास्क प्रदेशातून ‘रुबी’ या नावाने ओळखली जाणारी लाखो पिस्तुले विकत घेतली. शस्त्रविषयक ग्रंथांतून या पिस्तुलाची निंदा पुष्कळ आढळते. परंतु ते वाईट होते एवढे म्हटल्याने काहीच स्पष्ट होत नाही. त्याचा मूळ आराखडा चांगला होता आणि ते घडविणाऱ्या काही कारखान्यांचे काम तर वाखाणण्याजोगे होते. दोष होता तो खरेदीच्या पद्धतीत. प्रस्तुत लेखात या व्यवहाराचा विचार त्या दृष्टीने केला आहे.

फ्रान्सची गरज

ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा फ्रेंच सैन्याचे अधिकृत हातशस्त्र म्हणजे 1892 सालच्या नमुन्याचे 8 मिलिमीटरचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. सेंत-एत्येन येथील सरकारी शस्त्रशाळेत ते घडविले जाई. काम नेटके, जुळणी सफाईदार. शांततेच्या काळात असे हत्यार अधिकारी व काही हुद्देदारांपुरतेच लागत असल्याने त्याच्या उत्पादनाचा वेग हा कोणाच्या चिंतेचा विषय नव्हता.

खंदकांच्या लढाईने हे गणित मोडले. फ्रेंच पायदळाची लबेल रायफल संगिनीशिवायच सुमारे 1.3 मीटर लांब होती. दोन माणसे शेजारून जाऊ शकत नाहीत अशा नागमोडी चरात ती फिरविणे म्हणजे बोळात शिडी फिरविण्यासारखे होते. शत्रूच्या खंदकात शिरून तो मोकळा करणाऱ्या तुकड्यांस जवळच्या अंतरावर झटपट चालणारे लहान शस्त्र हवे होते. मशीनगन चालविणारे, तोफखान्यातील गोलंदाज, मोटारचालक, निरोपे आणि 1916 नंतर रणगाड्यांतील सैनिक यांचे दोन्ही हात दुसऱ्याच कामात गुंतलेले असत. त्यांस रायफल अडचणीची आणि निःशस्त्र राहणे धोक्याचे. पिस्तूल ही चैनीची वस्तू राहिली नाही.

दुसऱ्या बाजूस शस्त्रशाळांवर रायफली आणि मशीनगन यांचा एवढा ताण होता की रिव्हॉल्व्हरसाठी कुशल कारागीर मोकळा करणे अशक्य झाले. त्यातच 1914 च्या शरद ऋतूत 75 मिलिमीटरच्या तोफांसाठी गोळ्यांचा तीव्र तुटवडा उद्भवला. पैसा, पोलाद व मनुष्यबळ यांवर पहिला हक्क तोफगोळ्यांचा ठरला. पिस्तुलांचा क्रम या यादीत फार खाली होता. तेव्हा ती बाहेरून, लवकर आणि फार पैसा न घालता मिळवावी लागणार हे उघड होते. शेजारचा स्पेन तटस्थ होता, आणि सरहद्दीपासून फार दूर नसलेल्या एका अरुंद खोऱ्यात पिस्तुले करणारे गावच्या गाव वसलेले होते.

एइबारची कारागिरी

गिपुस्कोआ प्रांतातील एइबार हे शस्त्रकारांचे जुने गाव. बंदुका घडविण्याची परंपरा तेथे काही शतकांची. उत्पादनाची रीत मोठ्या कारखान्याची नव्हती. एक जण नळ्या करी, दुसरा चाप व घोड्याचे भाग, तिसरा लाकडी मुठी. घराच्या तळमजल्यावरील छोट्या कार्यशाळेत बाप-लेक कानस चालवीत बसत. ज्याच्या नावाने हत्यार विकले जाई तो व्यापारी वा कारखानदार हे भाग गोळा करून जुळणी करवून घेई. न जुळणारा भाग कानशीने घासून बसविला जाई. त्यामुळे प्रत्येक हत्यार स्वतःपुरते नीट चाले. मात्र एका हत्याराचा भाग दुसऱ्यास बसेल याची खात्री नसे. गिऱ्हाईक एकेक पिस्तूल विकत घेणारा असेपर्यंत याने काही बिघडत नव्हते.

स्पेनच्या तत्कालीन पेटंट कायद्याचाही या व्यवसायास हातभार लागला. परदेशी पेटंटधारकाने ठरावीक मुदतीत आपल्या वस्तूचे उत्पादन स्पेनमध्ये न केल्यास त्याचे संरक्षण लयास जाई. परिणामी अमेरिकन व बेल्जियन शस्त्रांच्या नकला एइबारमध्ये निर्वेधपणे होत. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकाने रचलेले व बेल्जियममध्ये तयार होणारे 1903 सालचे स्वयंचलित पिस्तूल हा अशा नकलांचा आवडता आधार. एस्पेरांसा इ उनसेता या कंपनीने ‘व्हिक्टोरिया’ या नावाने असे पिस्तूल काढले होते. गाबिलोंदो इ उरेस्ती या कंपनीने त्याच वळणाचे, 7.65 मिलिमीटरचे व मॅगझिनमध्ये नऊ गोळ्या मावणारे पिस्तूल 1914 च्या सुमारास बाजारात आणले आणि त्यास ‘रुबी’ हे नाव दिले. भाग थोडे, रचना सुटसुटीत, वजन बेताचे आणि गोळ्या फ्रेंच रिव्हॉल्व्हरपेक्षा तीनने अधिक. फ्रेंच अधिकाऱ्यांनी ते पसंत केले यात नवल नाही. नमुना म्हणून हाती आलेले पिस्तूल खरोखरच चांगले होते.

नमुना एक, पुरवठादार अनेक

1915 च्या मे महिन्यात गाबिलोंदोशी करार झाला. दरमहा 10,000 पिस्तुले पुरवावयाची होती. एइबारच्या मानाने हाच आकडा प्रचंड होता. परंतु त्याच वर्षी उन्हाळा सरण्यापूर्वी मागणी दरमहा 30,000 वर गेली. एकट्या कंपनीस हे झेपणारे नव्हते. म्हणून गाबिलोंदोने आणखी चार कंपन्यांस हाताशी धरले. प्रत्येकीने दरमहा 5,000 पिस्तुले द्यावीत, उरलेली 10,000 स्वतः करावीत, अशी वाटणी झाली. येथपर्यंत निदान जबाबदारी एका ठिकाणी होती.

पुढे तेवढीही राहिली नाही. मागणी वाढतच गेल्याने फ्रेंच सरकारने इतर उत्पादकांशी थेट करार केले. या कंपन्यांनी कामे आणखी लहान कार्यशाळांस वाटली. पाहता पाहता पन्नासाच्या आसपास नावांनी ‘रुबी’ जातीची पिस्तुले बाहेर पडू लागली. इटलीनेही खरेदी सुरू केली. फ्रान्सने युद्धकाळात एकंदर किती पिस्तुले घेतली याविषयीचे अंदाज सुमारे सात लाखांपासून साडेनऊ लाखांपर्यंत जातात. संख्येच्या बाबतीत खरेदी पूर्णपणे यशस्वी झाली, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

अडचण निराळीच होती. या सर्व कंपन्यांस ‘रुबीसारखे’ पिस्तूल करावयाचे होते. परंतु ‘सारखे’ म्हणजे किती मापापर्यंत सारखे, हे बांधून देणारा नियमन-आराखडा आणि त्या बरहुकूम माप तपासणारी गेज ही सर्वांस समान मिळालेली नव्हती. प्रत्येकाने समोरच्या नमुन्यावरून आपली मापे घेतली. नकलेची नकल होत गेली. कोणाची मूठ किंचित लांब, कोणाची नळी थोडी आखूड, कोणाचे मॅगझिन केसभर रुंद. बाजारातील गिऱ्हाइकास हे फरक कळलेही नसते. सैन्याच्या भांडारात त्यांनी अनर्थ केला.

मॅगझिनची कथा

स्वयंचलित पिस्तुलात मॅगझिन हा सर्वांत उपेक्षित व सर्वांत नाजूक भाग. वाकविलेल्या पत्र्याची ती एक डबी. आत स्प्रिंग, वर दोन दुमडलेले ओठ. हे ओठ गोळी किती उंचीवर आणि कोणत्या कोनात धरतात यावर पुढची गोळी नळीत सरळ शिरेल की अडकेल हे ठरते. डबी हरवते, चेपते, चिखलाने भरते. म्हणून तिचा पुरवठा पिस्तुलांपेक्षा अधिक लागतो. ‘रुबी’च्या बाबतीत एका कंपनीचे मॅगझिन दुसऱ्या कंपनीच्या पिस्तुलात बसेलच असे नव्हते. काही वेळा ते आत जात नसे. त्याहून वाईट म्हणजे काही वेळा ते आत जाई, खटका लागल्यासारखा वाटे, आणि गोळी मात्र नळीच्या तोंडाशी तिरपी अडके. मॅगझिन न बसल्यास सैनिकास ते निदान आधी कळते; दुसऱ्या प्रकारात ते चाप ओढल्यावरच कळते.

फ्रेंच भांडार-विभागाने यावर शोधलेला उपाय कारकुनी स्वरूपाचा होता. कोणते पिस्तूल कोणत्या उत्पादकाचे हे ओळखता यावे म्हणून चौकटीच्या मागील बाजूस लंबवर्तुळात दोन अक्षरी खूण उमटविण्याची पद्धत पडली. दिसावयास सारखी असणारी पिस्तुले यापुढे अनेक वेगवेगळ्या जातींची हत्यारे म्हणून हाताळावी लागली. प्रत्येक जातीचे सुटे भाग निराळे, मॅगझिन निराळे, नोंदवही निराळी. पिस्तुलामागे जी बचत झाली तिचा हिशेब खरेदीच्या कागदावर होता. आघाडीच्या मागील कार्यशाळांत भाग घासून जुळविणाऱ्या कारागिरांचा वेळ, वेगळ्या साठ्यांची देखभाल आणि सुट्या भागांअभावी पडून राहिलेली पिस्तुले यांचा खर्च मात्र कोणत्याच तक्त्यात बेरजेस आला नाही. महाविद्यालयाच्या खरेदी समितीवर काम केलेल्या प्राध्यापकांस ही परिस्थिती अगदीच अपरिचित वाटू नये. तीन निविदा, तुलनात्मक तक्ता, किमान दरास मान्यता, आणि वर्षभराने त्या उपकरणाचा एक फुटकळ भाग मिळेनासा होणे, हा क्रम शांततेच्या काळातही घडत असतो. फरक इतकाच की तेथे प्रयोगशाळेचा एक तास बुडतो.

दुसरा दोष सुरक्षा-खटक्याचा. काही पिस्तुलांत तो इतका सैल फिरे की चामडी पाकिटात घालताना वा काढताना घासून आपोआप ‘मुक्त’ स्थितीत जाई. गोळी नळीत असल्यास पिस्तूल बाळगणाऱ्याच्याच मांडीस धोका. यावर सरकत्या आवरणाच्या बाजूस एक लहानशी घुंडी बसविण्यात आली. तिच्यामुळे चामड्याची कड खटक्यापासून दूर राही. उपाय स्वस्त व चतुर होता. पण पिस्तूल सैनिकाच्या कमरेला लागल्यावर तो सुचला ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिसरा दोष धातूचा. घाईने काम उरकणाऱ्या काही कार्यशाळांनी मऊ पोलाद वापरले वा ते पुरेसे कडक केले नाही. असे भाग लवकर झिजत. हा दोष वरून दिसत नाही. तो परीक्षण-यंत्रणेनेच पकडावयाचा असतो, आणि त्या यंत्रणेवर दरमहा हजारोंच्या आकड्याचे ओझे होते.

या प्रकरणातील विसंगती अशी की एकसारख्या, अदलाबदल करता येणाऱ्या भागांची कल्पना प्रथम गंभीरपणे हाताळली गेली ती फ्रान्समध्येच. अठराव्या शतकात ग्रिबोवाल याने फ्रेंच तोफखान्याचे प्रमाणीकरण केले. ओनोरे ब्लाँ या शस्त्रकाराने बंदुकीच्या खटक्यांचे भाग इतके काटेकोर बनविले की ढिगातून कोणतेही उचलून खटका जुळविता येई. 1785 मध्ये पॅरिसमधील अमेरिकेचा राजदूत थॉमस जेफर्सन याने हे स्वतः जुळवून पाहिले व मायदेशी कळविले. अमेरिकन शस्त्रशाळांनी पुढील अर्धशतकात ही कल्पना यंत्रांच्या साहाय्याने प्रत्यक्षात आणली. ज्या देशात तिचा उगम झाला त्या देशाच्या सैन्याने 1915 मध्ये कानशीने जुळविलेली पिस्तुले लाखांनी घ्यावीत, ही इतिहासाची थट्टाच म्हणावी लागेल.

निर्णय चुकीचा होता काय?

वरील विवेचनावरून फ्रेंच अधिकाऱ्यांस दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांच्यापुढील पर्याय पाहिल्यास न्यायनिवाडा इतका सरळ उरत नाही. 1892 चे रिव्हॉल्व्हर अधिक चांगले होते यात शंका नाही. पण त्याची तुलना ‘रुबी’शी करणे गैरलागू आहे, कारण ते पुरेशा संख्येने मिळणारच नव्हते. मशीनगनच्या मागे बसलेल्या सैनिकापुढे उत्तम रिव्हॉल्व्हर की सामान्य पिस्तूल अशी निवड नव्हती. सामान्य पिस्तूल की रिकामा हात, अशी होती. अशा वेळी मध्यम दर्जाची वस्तू घेणे हे शहाणपणच ठरते. शिवाय आपल्याच मूळ मॅगझिनसह वापरलेले चांगल्या कारखान्याचे ‘रुबी’ समाधानकारक चाले. म्हणून स्वस्त वस्तू घेतली ही चूक म्हणता येत नाही. एकच नमुना पसंत करून तो अनेकांकडून घेताना मापांचा ताबा सोडून दिला, ही चूक होय. गाबिलोंदो व त्याचे चार सहकारी यांच्यापुरती खरेदी मर्यादित ठेवली असती तर संख्या कमी मिळाली असती. पण जातीही पाचच राहिल्या असत्या.

ब्रिटनचे उदाहरण येथे उपयोगी पडते. वेब्लीची रिव्हॉल्व्हरे अपुरी पडू लागली तेव्हा ब्रिटिशांनी अमेरिकेतील कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्याबरोबर एइबारकडेही मोर्चा वळविला. मात्र त्यांनी 1915 मध्ये स्वीकारली ती दोन स्पॅनिश कंपन्यांची .455 काडतुसाची रिव्हॉल्व्हरे, आणि त्यांस दोन स्वतंत्र अधिकृत नावे दिली. माल त्याच गावचा, कारागीरही बहुधा त्याच घरांतील. पण पुरवठादार मोजके असल्याने भांडाराचा गोंधळ टळला. रिव्हॉल्व्हरला मॅगझिन नसते हाही त्यांस मिळालेला फायदा म्हटला पाहिजे. ब्रिटनची गरज फ्रान्सइतकी मोठी नव्हती हे येथे विसरता कामा नये. थोडक्यात भागत असले की चोखंदळपणा परवडतो.

दुसऱ्या महायुद्धाने हाच प्रश्न नव्याने विचारला. 1940 मध्ये डंकर्कहून माघार घेतल्यावर ब्रिटनकडे शस्त्रांचा तुटवडा होता. अमेरिकन थॉम्पसन सबमशीनगन सुमारे 200 डॉलरला पडत होती. 1941 मध्ये एन्फील्ड येथे शेफर्ड व टर्पिन यांनी स्टेनगन तयार केली. पत्रा, नळकांडी व जोडकाम यांवर बेतलेले हे हत्यार काही पौंडांत तयार होई. त्याचे भागही असंख्य लहान कार्यशाळांत बनत, अगदी एइबारप्रमाणे. परंतु प्रत्येक कार्यशाळेस मापांचा तोच आराखडा दिलेला असे आणि जुळणी ठरावीक ठिकाणी होई. स्टेनगन मुळातच स्वस्त करण्यासाठी आखली होती. ‘रुबी’ घाईमुळे स्वस्त झाले होते. स्टेनगनही निर्दोष नव्हती. खाली पडल्यास ती आपोआप सुटे, आणि तिच्या बहुतेक तक्रारींचे मूळ पुन्हा मॅगझिनमध्येच होते. पण ही तक्रार सर्वत्र एकच असल्याने सैनिकांस ती माहीत झाली आणि तिच्यावरील तोडगेही सर्वांस एकच शिकविता आले. एकसारखा दोष सांभाळता येतो. पन्नास प्रकारचे दोष सांभाळता येत नाहीत.

स्वस्ताईचे टोक म्हणजे अमेरिकेने 1942 मध्ये काढलेले ‘लिबरेटर’ पिस्तूल. व्याप्त प्रदेशांतील प्रतिकार-चळवळींस वाटण्यासाठी मोटारींचे दिवे करणाऱ्या एका कारखान्यात सुमारे तीन महिन्यांत दहा लाख नग तयार झाले. प्रत्येकाचा खर्च अडीच डॉलरहून कमी. एका वेळी एकच गोळी. नळीत आटे नाहीत. रिकामे काडतूस काढण्यासाठी सोबत लाकडी काडी. लाखोंनी तयार झालेल्या या पिस्तुलांपैकी फारच थोडी अपेक्षित हातांपर्यंत पोचली आणि युद्धानंतर बहुसंख्य नष्ट करण्यात आली. नग स्वस्त असला तरी वितरणाचे विमान आणि वैमानिक स्वस्त नसतात, हे गणित येथे आड आले.

युद्धानंतर

फ्रान्सने 1919 मध्ये सुमारे 10,000 ‘रुबी’ पिस्तुले फिनलंडला विकली. नव्याने स्वतंत्र झालेल्या त्या राष्ट्राकडेही पैसा थोडाच होता. फिनलंडच्या सैन्यात या पिस्तुलांविषयी समाधान नव्हते आणि पुढे त्या सैन्याने 1935 चे लाहती पिस्तूल स्वीकारले. फ्रान्समध्येही 1935 साली नवा नमुना मंजूर झाला, पण त्याचे उत्पादन इतके मंद होते की 1940 च्या पराभवाच्या वेळी अनेक फ्रेंच सैनिकांच्या कमरेला ‘रुबी’च होते. तात्पुरती म्हणून घेतलेली वस्तू पंचवीस वर्षे वापरात राहिली.

एइबारवर या व्यवहाराचा झालेला परिणाम अधिक खोल होता. चार वर्षे गावातील प्रत्येक कानस फ्रान्ससाठी चालली. युद्ध संपताच मागणी एकाएकी थांबली. वाढविलेल्या कार्यशाळा, नव्याने घेतलेले मजूर आणि विकला न गेलेला साठा तेवढा उरला. ‘स्पॅनिश पिस्तूल’ म्हणजे हलका माल अशी बदनामी पाठीमागे राहिली, आणि ती चांगल्या कारखान्यांसही भोवली. शस्त्रांची अधिकृत चाचणी 1920 च्या दशकात सक्तीची झाली. युद्धापूर्वी ती असती तर फ्रेंच परीक्षकांचे निम्मे काम वाचले असते. उनसेता कंपनीने, जी तत्पूर्वीच गेर्निका येथे गेली होती, 1921 मध्ये स्पॅनिश सैन्याचे पिस्तूल मिळविले. ती ‘आस्त्रा’ या नावाने प्रसिद्ध झाली. गाबिलोंदोने पुढे ‘यामा’ हे नवे नाव धारण केले. ‘रुबी’ जातीची पिस्तुले करणाऱ्या बेइस्तेगी बंधूंनी सायकलींचा उद्योग धरला आणि बीएच या अद्याक्षरांनी तो आजही ओळखला जातो. संप व बेकारी यांतून 1920 मध्ये धातुकामगारांनी ‘आल्फा’ ही सहकारी संस्था उभारली. आरंभी तीही रिव्हॉल्व्हरेच करी. काही वर्षांतच ती शिवणयंत्रांकडे वळली, आणि शिवणयंत्राचा भाग दूरच्या गावातील दुकानात, कानस न लावता बसावा लागतो. एइबारने आपल्या कार्यशाळांत गेज आणली ती या शिवणयंत्रांसाठी व सायकलींसाठी.